शून्य क्रमांकाचा करदोडा

रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्या परक्या माणसाची चाल पाहून त्याचा उजवा गुडघा अजून किती वर्षं साथ देईल हे सांगणाऱ्या डॉ. निलांबरी पाटोळे यांची स्वतःची मुलगी सोळा महिन्यांची झाली तरी चालत नव्हती.

रांगायची मात्र अशी, की एखाद्या शर्यतीत उतरवावी. स्वयंपाकघरातून निघालेली यमू देवघराचा उंबरा ओलांडून समईपर्यंत पोचायची, तोवर तिची आजी नुसती ‘अगं अगं’ करत असायची. पण उभं राहून एक पाऊल टाक म्हटलं, की यमू मटकन खाली बसायची आणि आईकडे असं पाहायची, जणू काही भलतंच सुचवलंय.

मिरजेतल्या त्या गल्लीत बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. यमूलाच तेवढे फुटत नव्हते. शेजारच्या पुष्पाकाकू रोज सकाळी फाटकाशी उभ्या.

“काय गं नीला, गावाच्या चाली दुरुस्त करतेस म्हणे. घरचं पोर कधी उभं करणार?”

“अठरा महिन्यांपर्यंत चालतं, काकू. पुस्तकातच आहे तसं.”

“हो बाई, असेल. आमचा बंडू नवव्या महिन्यात धावत होता.”

तो बंडू आता पन्नाशीचा होता आणि कोपऱ्यावरच्या दुकानाला जायलाही स्कूटर काढायचा, हे नीलाच्या जिभेवर यायचं आणि ती गिळून टाकायची. अठरा महिने हा आकडा ती शंभर आयांना सांगून चुकली होती. पण ज्याने तो पुस्तकात लिहिला, त्याच्या घराला शेजार नसावा. आंघोळ घालताना ती यमूचे गुडघे चाचपायची, तळवे दाबून बघायची, दोन्ही पायांची लांबी टॉवेलला लावून मोजायची. पाय अगदी ठणठणीत होते. त्यानेच तिची काळजी जास्त वाढायची.

नीलाचं काम म्हणजे दीर्घ आजाराच्या माणसांना पुन्हा चालतं करणं. २०४१ साली त्या कामाला तिने जे हत्यार शोधलं, ते होतं करदोडा.

यामागे एक फजिती होती. तिच्या आधीच्या लोकांनी चाल मोजायला बुटात घालायचे महागडे तळवे तयार केले होते. ते परदेशात उत्तम चालले. मिरजेत मात्र रुग्ण दाराशी चपला काढून घरात शिरायचा, आणि यंत्राच्या मते त्याचं चालणंच संपायचं. एका आजोबांच्या चपला तर हळदीकुंकवाच्या गर्दीत कोणीतरी घालून गेलं आणि यंत्राने आजोबा गरोदर असल्याची शक्यता वर्तवली. घड्याळं दिली, तर ती आंघोळीला काढली जायची आणि खिडकीत राहायची. मग एका दुपारी नीलाच्या डोक्यात आलं, की इथला पुरुष बारशापासून अंगावर एकच गोष्ट सतत वागवतो, कमरेचा काळा दोरा. तो ना झोपेत निघत ना आंघोळीत.

आणि कंबर हीच तर मोजायची खरी जागा! माणूस चालतो म्हणजे दर पावलाला पुढे पडतो आणि पडता पडता सावरतो. शरीराचा सगळा तोल बेंबीच्या जरा खाली, पाठीच्या बाजूला एका बिंदूत साठलेला असतो. चालताना तो बिंदू हवेत सारखा इंग्रजी आठाचा आडवा आकडा गिरवत राहतो. निरोगी माणसाचा आठ गोलसर आणि एकसारखा. फुप्फुसं थकू लागली, की शरीर पायांचा वाटा काढून श्वासाला देतं आणि आठ वेडावाकडा होतो. खोकला वाढण्याच्या चार दिवस आधी, माणसाला स्वतःला काही कळायच्या आधी, तो आठ बिघडलेला असतो. नीलाने हरभऱ्याएवढा काळा मणी बनवला. अंगाच्या उबेवर चालणारा. तो आठ वाचायचा, ताल चुकला की कमरेला हलकीशी गुदगुली करून आठवण द्यायचा, आणि हजार पावलं झाली की माणसासारखं बोलून अभिनंदन करायचा. हे बोलणं तिच्या तंत्रज्ञाची, अल्ताफ मुजावरची कल्पना. रुग्णांना ते इतकं आवडलं, की भर कीर्तनात कुणाची तरी कंबर ‘अभिनंदन’ म्हणायची आणि आजूबाजूचे टाळ्या वाजवायचे.

चाचणीत एक्केचाळीस रुग्ण होते. सतरावे होते नीलाचे सासरे. अडतीस वर्षं सांगलीच्या बाजारात हळदीचे तोलाईदार. दर पोत्याबरोबर थोडी हळद छातीत गेली आणि आता चाळीस पावलांवर दम लागायचा. नीला त्यांना मामा म्हणायची, सासूबाईंना आत्या. येत्या शनिवारी तज्ज्ञ समितीपुढे सगळे आकडे ठेवायचे होते. समितीने मान डोलावली तर करदोडा जिल्ह्याजिल्ह्यांत जाणार होता. नाही तर नीला पुन्हा गुडघ्यांच्या व्यायामाचे तक्ते छापणार होती.

या सगळ्या धांदलीत तिने एक गोष्ट केली, जी तिच्याच नियमावलीच्या पहिल्या पानावर मना होती. चाचणीबाहेरचा एक मणी काढला, त्यावर भिंगातूनच दिसेल असा ‘०’ कोरला आणि यमूच्या कमरेच्या दोऱ्यात ओवला.

आत्यांनी तो पाहिला. “दृष्टीचा बांधलास होय?”

“हो… म्हणजे तसंच.”

“बरं केलंस. एवढी शिकलीस, तरी शहाणी आहेस हो.”

मण्यांतली माहिती दर बुधवारी सकाळी प्रयोगशाळेत उतरायची. त्या बुधवारी अल्ताफने चहाचा कप हातातच धरून हाक मारली.

“मॅडम, सतरा नंबर बघा. तुमचे सासरे.”

पडद्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: ‘सोमवार ते मंगळवार. पडण्याच्या घटना: एकतीस. चतुष्पाद हालचाल: दोन तास दहा मिनिटे.’

“चतुष्पाद म्हणजे?”

“हातापायांवर, मॅडम. चार पायांवर.”

नीलाने घरी फोन लावला. आत्यांनी उचलला, पण मागे कुणीतरी खदाखदा हसत होतं आणि आत्यांना धाप लागली होती.

“आत्या, मामा कसे आहेत?”

“मामा? हे काय, बसलेत की.”

“पडले होते का?”

“पडतील कशाला? खुर्चीत बसल्यावर माणूस कुठं पडतंय? तू काम कर तुझं.” फोन बंद.

तेवढ्यात अल्ताफने हळूच दुसरी खिडकी उघडली. “मॅडम, हा शून्य नंबर कोणाचा आहे ते मी विचारत नाही. पण त्याने दोन दिवसांत दोनशे बारा पावलं टाकलीत. दर आठ-दहा पावलांवर थांबतोय.”

नीलाने कपाळावर हात मारला आणि मोकळी हसली. गेला रविवार! महिन्याच्या पहिल्या रविवारी आत्या तेल लावून आंघोळी घालायच्या आणि घरातले सगळे दोरे नवे करायच्या. जुना कापायचा, मणी काढून पाटावर ठेवायचा, नव्यात ओवायचा. आजोबांचा आणि नातीचा मणी एकाच पाटावर! अदलाबदल झाली, बस. रांगते ती यमू, मटकन बसते ती यमू. आणि थांबत थांबत चालताहेत ते मामा.

“सुटलो,” अल्ताफ म्हणाला. “सतराचे दोन दिवस गाळून टाकू. दोऱ्याची चूक म्हणून तळटीप देतो.”

“दे,” नीला म्हणाली. हसू ओसरल्यावर तिच्या मनात उरलं ते एवढंच, की म्हणजे यमू अजून चालत नाहीच.

संध्याकाळी घरी पोचली, तेव्हा रोजच्यासारखीच यमू सतरंजीवर फतकल मारून बसली होती आणि वाटीतले बेदाणे एकेक करून तोंडात टाकत होती. मामा आरामखुर्चीत. चित्रात काढल्यासारखं घर.

आता मणी तपासायला हवा होता. पण सुनेनं सासऱ्याचा करदोडा मागायचा कसा, हे कुठल्याही विद्यापीठात शिकवत नाहीत. तिने आत्यांना बाजूला घेतलं.

“करदोडा?” आत्यांनी तोंडाला पदर लावला. “बाई, बाई! चाळीस वर्षांत मी मागितला नाही.”

“मणी बघायचाय फक्त. शास्त्रासाठी.”

शेवटी मामांनी आतल्या खोलीत जाऊन दोरा सोडला आणि दाराआडून नुसता हात बाहेर काढला. “घे गं. लवकर दे पण. त्याच्याबिगर उघड्यावर आल्यासारखं वाटतंय.”

नीलाने भिंग लावलं. सतरा. स्वच्छ, ठसठशीत सतरा. यमूचा पाहिला. शून्य.

मणी जिथले तिथे होते.

म्हणजे यंत्रच बिघडलं होतं. तीन वर्षांचं काम म्हाताऱ्या माणसाला रांगणारा आणि रांगणाऱ्या पोरीला चालणारी म्हणत होतं, आणि समिती तीन दिवसांवर. सतरंजीवरून यमूने एक बेदाणा तिच्याकडे पुढे केला. आत्या नको इतक्या उत्साहाने म्हणाल्या, “बघ, बसल्या जागी कशी शहाण्यासारखी खाते!”

गुरुवारी सकाळी तिने दोन्ही मण्यांचे आलेख एकाखाली एक लावले, निव्वळ चूक शोधायला. आणि तिला चुकीऐवजी एक गंमत दिसली. दोन्ही एकत्रच हलत होते. सतरा चार पायांवर मागे मागे सरकायचा, तेव्हा शून्य पुढे पुढे यायचा. सतरा ‘पडायचा’, तेव्हा शून्याचा बिंदू भराभर वरखाली उडायचा. असं उडणं नीलाने कुठल्याही रुग्णात पाहिलं नव्हतं.

“हे काय आहे, अल्ताफ?”

अल्ताफला तीन मुलं होती. तो आलेखाकडे बघून म्हणाला, “मॅडम, हे पोट धरून हसणं आहे.”

आणि सोमवारी पाच अडतीसला शून्य एकदम थंड. मंगळवारी पाच एक्केचाळीसला. नंतर एकही पाऊल नाही. नीलाची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी वळायची ती याच सुमाराला.

मुलगी चालते आहे. आई आली की थांबते.

दुपारी बारा वाजता ती निघाली, स्कूटर गल्लीबाहेर लावली आणि मागच्या अंगाने स्वयंपाकघराच्या खिडकीशी आली. पुष्पाकाकूंनी गच्चीवरून हे पाहिलं, पण त्या दिवशी देवाने त्यांना काही बोलू दिलं नाही.

माजघरात मामा लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून हातापायांवर होते. समोर सहा हात अंतरावर यमू. उभी. दोन्ही हात वर, एखाद्याने पिस्तूल रोखल्यासारखे.

“ये गं माझी पिवळी राजापुरी हळद! ये. लाभ!” मामा ओरडले. बाजारात पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. मामांच्या तोंडून ते बाजार सुटल्यावरही सुटलं नव्हतं. “लाभ! दोन! तीन! चार…”

यमू आली. झुलत, डोलत, पाय फेंदारून, भरल्या बोटीसारखी. नवव्या पावलाला पोचली आणि मामांनी धाडकन स्वतःला आडवं टाकलं. “मेलो, मेलो! तुडवलं मला!” यमू हसून हसून लोळली. मामा उठले, कपाटाच्या आतल्या बाजूला खडूने नऊ रेघा ओढून आले आणि पुन्हा चार पायांवर. आणि नीलाच्या लक्षात आलं, की हे सगळं करताना त्यांना दम लागला नव्हता.

“पुरे आता,” आत्या म्हणाल्या. “नीलाला काल संशय आला होता.”

“दोरा मागवला, तवाच म्या वळिखलं.”

“मग सांगून टाकूया का?”

मामा जरा गंभीर झाले. “न्हाई. पोरीनं पहिलं पाऊल टाकलं, आन् ती बिचारी तिकडं दुसऱ्यांची पावलं मोजत होती. असं कळलं तर आयुष्यभर मनाला लावून घेईल. रविवारी आपला शैलेश रत्नागिरीस्नं येतोय. आई-बापाच्या म्होरं यमूचं पहिलं पाऊल पडंल. तवर साडेपाचला बेदाणं.”

“रोज एवढे बेदाणे, पोट बिघडेल तिचं.”

“बिघडू दे. आईचं मन बिघडायला नको.”

नीला खिडकीखाली बसली, रुमाल तोंडात कोंबून. तिला आत धावत जावंसं वाटत होतं. पण आत गेली असती, तर त्या दोघांचा रविवार गेला असता. ती ओणव्यानेच परत फिरली. संध्याकाळी पाच चाळीसला फाटकाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ हॉर्न वाजवला, आणि आत सतरंजी झटकल्याचा आवाज ऐकून मगच दार ढकललं.

शनिवारी समिती. अध्यक्ष डॉ. रणदिवे, निवृत्त अस्थितज्ज्ञ. हसण्याने जबड्याच्या सांध्यांची झीज होते असं त्यांचं मत असावं.

“सतरा क्रमांक,” ते म्हणाले. “एकतीस वेळा पडले, आणि तरी यांचा चालीचा अंक एक्केचाळीसवरून अठ्ठावन्नवर? चूक असेल तर गाळा.”

तळटीप तयार होती. अल्ताफने ती समोर सरकवली. नीलाने परत सरकवली.

“ते पडले नाहीत, सर. ते पडल्याचं नाटक करत होते. यंत्राला नाटक कळत नाही, ही यंत्राची चूक. पण अंक खरा आहे. ते आठवडाभर रोज तासभर रांगले. दमेकरी माणूस टेबलावर हात टेकून पुढे वाकतो, कारण खांद्यांना आधार मिळाला की छातीचे स्नायू श्वासाला मोकळे होतात. रांगताना तेच होतं, आणि वर व्यायामही. उभ्याने त्यांना चाळीस पावलांवर दम लागतो. रांगताना लागत नाही.”

“हे तुम्हाला कुठल्या उपकरणाने कळलं?”

“स्वयंपाकघराच्या खिडकीतून, सर.”

मग शून्य क्रमांकाचंही सांगावं लागलं. ते निघालं नसतं, तर सतराचं कोडं सुटलं नसतं. नियमभंगाबद्दल नीलाला आयुष्यातली पहिली लेखी समज मिळाली, आणि तिच्याच खालच्या परिच्छेदात करदोड्याला मंजुरी, शिवाय साठ रुग्णांना रांगवण्याची परवानगी. बाहेर पडताना डॉ. रणदिव्यांनी तिला कोपऱ्यात गाठून खालच्या आवाजात विचारलं, “गुडघ्याखाली उशी घेतली तर चालते ना?”

रविवार उजाडला. शैलेश आदल्या रात्रीच आला होता. समुद्रातल्या पवनचक्क्या सांभाळणाऱ्या त्या माणसाला आज सकाळपासून एकाच खुर्चीत का बसवून ठेवलंय, हे कळत नव्हतं. आत्यांनी नवं लुगडं नेसलं होतं.

“कुणी येणार आहे का?” शैलेशने विचारलं.

“छे. उगीच,” आत्या म्हणाल्या आणि यमूला भिंतीशी उभं केलं. मामा खोकले. नाटकातल्या माणसासारखे मोठ्याने म्हणाले, “अरेच्चा! यमू उभी राहिली वाटतं! आता काय करते कोण जाणे!”

नीलाने तोंडावर हात नेला. नाटक करायचं तिने ठरवलं होतं. सकाळीच आरशासमोर दोनदा चकित होऊन पाहिलंही होतं. पण यमूने हात वर केले, आईकडे बघितलं आणि निघाली. मामांकडे नाही, बेदाण्यांकडे नाही, थेट आईकडे. आणि नीलाचं सगळं ठरवलेलं वाहून गेलं. आलेखात हे कुठे होतं? ते खालच्या ओठातून लोंबणारं लाळेचं टोक, ती दर पावलाला आधी स्वतःलाच विचारणारी टाच. ती खरंच, हुंदके देऊन रडली.

“बघ! बघ! पहिलं पाऊल!” मामा ओरडले. “आईच्या म्होरंच टाकायचं म्हणून थांबली होती बघ लबाड!”

यमू आईच्या गुडघ्यांना येऊन धडकली. आणि तिच्या झबल्याखालून, बेंबीच्या आसपास, एक प्रौढ, आदबशीर पुरुषी आवाज म्हणाला:

“अभिनंदन! आपण एक हजार पावले पूर्ण केली आहेत. दम लागला असल्यास कृपया बसून घ्या.”

यमू बसली.

शैलेश एकदा मुलीकडे, एकदा बायकोकडे बघत राहिला. आत्या सावकाश नीलाकडे वळल्या.

“दृष्टीचा मणी होय गं?”

“पहिलं पाऊल होय हो?” नीला डोळे पुसत म्हणाली.

मामा कपाटाकडे गेले. दार उघडून खडूच्या रेघांवरून बोट फिरवलं, ओठ हलवले, आणि तोलाईदाराच्या जुन्या तोऱ्यात मागे वळले. “तुझ्या यंत्रात खोट आहे, नीला. हजार कुठली? आजची धरून नऊशे चाळीस.”

“खोट यंत्रात नाही,” आत्या शांतपणे म्हणाल्या. “उरलेली साठ मी पाहिलीत. तुम्ही दुपारचे घोरत होता.”

“आन् मला सांगितलं न्हाईस?”

“तुमचं मन बिघडायला नको म्हणून.”

शैलेश हसता हसता खुर्चीवरून घसरला. नीलाने यमूला मांडीवर घेतलं, दाताने दोरा तोडला आणि शून्याचा मणी काढून मामांच्या हातात ठेवला. आत्यांनी लगेच साधा काळा दोरा आणला. त्यात काहीही न ओवता बांधला.

मग यमूला पुन्हा भिंतीशी उभं केलं. तिने हात वर केले. मामांनी सवयीने तोंड उघडलं.

“गप बसा,” आत्यांनी दटावलं. “आज तिच्या आईला मोजू दे.”

यमूने टाच उचलली, विचारात पडली, आणि टेकवली.

“लाभ,” नीला म्हणाली.